२१६ कोटींचा हिशेब

१३ मे २०२१ या एकाच दिवशी केंद्र सरकारने दोन गोष्टी सांगितल्या. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर सहा ते आठ आठवड्यांवरून बारा ते सोळा आठवड्यांवर नेलं. आणि ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत देशाला लशीचे २१६ कोटी डोस मिळतील, असं नीती आयोगाचे सदस्य डॉ. विनोद पॉल यांनी पत्रकारांपुढे कंपनीनिहाय तक्ता ठेवून सांगितलं. आदल्याच आठवड्यात देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले होते. आदल्या दिवशी महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं होतं, कारण दुसऱ्या डोससाठी ताटकळलेल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांनाच कोव्हॅक्सिन पुरत नव्हती. अशा दिवसांत २१६ कोटी हा आकडा कानावर पडला आणि लोकांना हायसं वाटलं, यात नवल नाही.

पण तो आकडा टिकणार नाही, हे त्याच दिवशी त्याच तक्त्यावरून दिसत होतं. त्यासाठी विषाणुशास्त्र यावं लागत नव्हतं, बेरीज-वजाबाकी पुरेशी होती. महामारीच्या दोन वर्षांत सरकारने दिलेल्या जवळजवळ प्रत्येक तारखेबद्दल आणि आकड्याबद्दल मला हेच म्हणायचं आहे. त्यांतली चूक नंतर उघडकीला आली नाही. जाहीर झाली त्या दिवशीच ती समोर होती, फक्त कुणी हिशेब मागत नव्हतं. जे मागत होते, त्यांना लसविरोधक म्हणून बाजूला सारणं सोपं होतं.

तक्ता असा होता : कोव्हिशील्ड ७५ कोटी, कोव्हॅक्सिन ५५ कोटी, बायोलॉजिकल-ई ३० कोटी, सीरमची नोव्हाव्हॅक्स २० कोटी, स्पुटनिक १५.६ कोटी, भारत बायोटेकची नाकात टाकायची लस १० कोटी, पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस ६ कोटी आणि झायडसची डीएनए लस ५ कोटी. बेरीज २१६.६ कोटी.

या आठांपैकी त्या दिवशी भारतात परवानगी होती फक्त तिघींना. उरलेल्या पाच लशी चाचणीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर होत्या, आणि जेनोव्हाची व नाकातली या दोन तर अगदी सुरुवातीच्या. या पाचांची बेरीज ७१ कोटी, म्हणजे तक्त्याचा एक तृतीयांश. लस चाचणीत उत्तीर्ण होईल, औषध नियंत्रक वेळेत मंजुरी देतील, कारखाना पहिल्याच फटक्यात पूर्ण क्षमतेने चालेल, या तिन्ही गोष्टी घडल्या तरच हे ७१ कोटी डोस हाती येणार होते. तक्त्यात मात्र हे आकडे कोव्हिशील्डच्या आकड्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते. चालू कारखान्यातला डोस आणि कागदावरचा डोस यांची सरळ बेरीज केली गेली होती.

शिवाय डोस म्हणजे माणूस नाही. झायडसची लस अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने तीनदा घ्यायची होती, म्हणजे तिचे ५ कोटी डोस पुरणार होते पावणेदोन कोटींहून कमी लोकांना. स्पुटनिकचे दोन डोस म्हणजे दोन वेगळे विषाणुवाहक, पहिल्यात एडी-२६ आणि दुसऱ्यात एडी-५. दुसरा बनवायला अवघड असल्याने पहिल्याचा साठा पडून आणि दुसऱ्याची वाट, अशी गत अनेक देशांत झाली. त्यात साठवण उणे १८ अंशांवर, आणि तालुक्याच्या लसीकरण केंद्रावर शीतपेटी २ ते ८ अंशांची. १५.६ कोटींचा आकडा लिहिताना यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं नाही.

सगळ्यांत बोलका होता कोव्हॅक्सिनचा आकडा. ही निष्क्रिय विषाणूची लस. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू व्हेरो पेशींवर वाढवायचा, तोही जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या बंदिस्त कारखान्यात, कारण तो जिवंत आणि घातक असतो. मग बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने तो मारायचा. खरोखर मेला का, हे पुन्हा पेशींवर वाढवून पाहायचं. शुद्ध करायचा, प्रत्येक डोसात सहा मायक्रोग्रॅम प्रतिजन बसेल असं माप करायचं, प्रतिसाद वाढवणारा सहायक पदार्थ मिसळायचा, कुप्या भरायच्या. भरलेल्या कुप्यांची निर्जंतुकता तपासायला चौदा दिवस जातात, कारण नमुन्यात जंतू वाढतात का हे बघायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. शेवटी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची मंजुरी. यातली एकही पायरी पैसे ओतून किंवा आदेश काढून आखूड होत नाही. खुद्द भारत बायोटेकने मे महिन्याच्या अखेरीस लेखी सांगितलं, की उत्पादन सुरू झाल्यापासून लस लोकांपर्यंत पोहोचायला साधारण १२० दिवस लागतात आणि मार्चमध्ये लावलेली बॅच जूनमध्ये मिळते.

आता ५५ कोटींकडे पाहा. पाच महिन्यांत ५५ म्हणजे महिन्याला ११ कोटी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळायचा डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात सुरू झालेला असायला हवा, आणि डिसेंबरअखेरचा डोस सप्टेंबरच्या सुरुवातीला. एप्रिलमध्ये कोव्हॅक्सिनचं उत्पादन महिन्याला एक-दोन कोटींच्या घरात होतं. म्हणजे १३ मे रोजी तक्ता मांडला जात असताना ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा पुरवठा ठरून गेलेला होता, आणि तो ११ कोटींच्या जवळपासही नव्हता. ५५ची भरपाई करायची तर उरलेल्या साडेतीन महिन्यांत दरमहा चौदा-पंधरा कोटी डोस हवे होते, आणि ते ज्या कारखान्यांतून यायचे, त्यांतले काही अजून उभे व्हायचे होते. अंकलेश्वरच्या कारखान्यातून कोव्हॅक्सिन काढण्याची घोषणाच या पत्रकार परिषदेनंतर आठवड्याने झाली आणि तिथली पहिली बॅच ऑगस्टच्या शेवटी बाहेर पडली. बंगळूरूच्या नव्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या बॅचेस दर्जाला उतरल्या नाहीत, हे लसीकरण सल्लागार गटाच्या कोविडविषयक कार्यगटाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये सांगितलं. नवा जैविक कारखाना पहिल्या काही बॅचेसना अडखळतो, ही या धंद्यातली सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे. कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी परळच्या हाफकिन या सरकारी लसउत्पादक कंपनीला वर्षाला २२.८ कोटी डोसांचं उद्दिष्ट मिळालं, केंद्राकडून ६५ कोटी रुपये आणि राज्याकडून ९४ कोटी. पण २०२१च्या मोहिमेत हाफकिनच्या कुपीचा वाटा काहीच नव्हता.

२१६ कोटींचं पुढे काय झालं, हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण आहे. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाला पैसे मोजायला लावणारं धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचं म्हटलं आणि केंद्राकडे लशींचा तपशील मागितला. २६ जूनला केंद्राने प्रतिज्ञापत्र दाखल केलं. त्यात ऑगस्ट ते डिसेंबरचा आकडा होता १३५ कोटी. नोव्हाव्हॅक्स, नाकातली लस आणि जेनोव्हा, तिघींची नावं गळाली होती. कोव्हिशील्ड ७५वरून ५०, कोव्हॅक्सिन ५५वरून ४०, स्पुटनिक १५.६वरून १०. पत्रकारांसमोर बोलताना २१६ आणि शपथेवर लिहून देताना १३५. दीड महिन्यापेक्षा कमी काळात ८१.६ कोटी डोस कमी झाले, आणि दरम्यान कुठल्याही कारखान्याला आग लागली नव्हती की कुठली लस नापास झाली नव्हती. बदलली होती ती फक्त आकडा ऐकणारी जागा. खोटा आकडा दिला तर जिथे जाब द्यावा लागतो, तिथे सरकार जपून बोललं. आपण नागरिकांनी सरकारी अंदाज ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे कुठे सांगितलं गेलं आणि चुकलं तर कोण उत्तर देणार.

प्रतिज्ञापत्रातही ३५ कोटी डोस अशा दोन लशींचे होते, ज्या त्या वर्षी आल्याच नाहीत. बायोलॉजिकल-ईला केंद्राने ३० कोटी डोसांसाठी १,५०० कोटी रुपये आगाऊ द्यायचं ठरवलं. त्या कॉर्बेव्हॅक्सला परवानगी मिळाली २८ डिसेंबर २०२१ला आणि ती मुलांच्या दंडात गेली मार्च २०२२मध्ये. झायडसला ऑगस्टमध्येच परवानगी मिळाली होती, पण तिचे डोस द्यायला सुरुवात झाली पुढच्या वर्षी. जेनोव्हाला जून २०२२मध्ये मंजुरी मिळाली, नाकातल्या लशीला सप्टेंबर २०२२मध्ये.

आणि तरीही ३१ डिसेंबर २०२१पर्यंत देशात सुमारे १४५ कोटी डोस देऊन झाले होते. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत साधारण ९८ कोटी. एवढ्या मोठ्या देशात आशा सेविका, परिचारिका आणि कुपी उघडल्यापासून चार तासांच्या आत दहा माणसं जमवायची धडपड करणारे आरोग्य कर्मचारी यांनी करून दाखवलेलं हे काम थोर आहे, आणि त्याबद्दल बोलताना माझा सूर खाली येतो. केरळच्या परिचारिकांनी तर कुपीत नुकसानभरपाई म्हणून भरलेला जास्तीचा थेंबही वाया जाऊ न देता ७३ लाख ३८ हजार डोसांच्या साठ्यातून ७४ लाख २६ हजार डोस टोचले होते. या ९८ कोटींपैकी दहातले जवळपास नऊ डोस एकट्या कोव्हिशील्डचे होते. ढोबळ हिशेबाने पुण्याच्या मांजरीतल्या सीरमच्या कारखान्याने तक्त्यातल्या ७५ कोटींनाही मागे टाकलं. कोव्हॅक्सिन दहा-बारा कोटींच्या घरात राहिली. चाललेला कारखाना अपेक्षेपुढे गेला आणि कागदावरचे कारखाने कागदावर राहिले. मे महिन्यात एवढंच प्रामाणिकपणे सांगितलं असतं, तर राज्यांना आपल्या केंद्रांचं, मनुष्यबळाचं नियोजन नीट करता आलं असतं. त्याऐवजी मुंबई महापालिकेला १ कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढावी लागली. नऊ देकार आले आणि एकाकडेही लस बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराचा पुरावा नसल्याने नऊही नाकारावे लागले.

हीच रीत वर्षभर आधीपासून चालत आली होती. २४ एप्रिल २०२०च्या पत्रकार परिषदेत दाखवलेल्या आलेखात नव्या रुग्णांची रेषा १६ मेला शून्यावर टेकत होती. १७ मेच्या सकाळी जाहीर झालेल्या चोवीस तासांच्या आकड्यात ४,९८७ नवे रुग्ण होते. नंतर गैरसमज झाल्याचं सांगून दिलगिरी व्यक्त झाली, हे निदान नोंदवायला हवं, कारण तशी दिलगिरी पुन्हा फारशी ऐकू आली नाही.

मग आलं २ जुलै २०२०चं पत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी बारा रुग्णालयांना कळवलं, की ७ जुलैच्या आत स्वयंसेवक नोंदवायला घ्या, सर्व चाचण्या पूर्ण करून लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आणायची आहे, आणि दिरंगाईची गंभीर दखल घेतली जाईल. बारांत नागपूरचं एक रुग्णालय होतं. हेही मोजून पाहण्यासारखं आहे. पहिल्या टप्प्यात ३७५ जणांना चौदा दिवसांच्या अंतराने दोन डोस द्यायचे होते. सगळ्यांना ७ जुलैलाच टोचलं असं धरलं, तरी दुसरा डोस २१ जुलैला. प्रतिपिंडं मोजायला आणखी दोन आठवडे, म्हणजे ४ ऑगस्ट. उरले अकरा दिवस. त्यांत दुसरा टप्पा, ज्यातल्या दोन डोसांमध्येच अठ्ठावीस दिवस. आणि तिसरा टप्पा, ज्यात पंचवीस हजारांवर लोकांना लस किंवा नुसतं पाणीसदृश द्रव्य टोचून कुणाला आजार होतो याची महिनोन्‌महिने वाट बघायची असते. चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत याच अभ्यासाचा कालावधी सव्वा वर्ष लिहिलेला होता. म्हणजे एकाच चाचणीबद्दल सरकारी नोंदवहीत सव्वा वर्ष आणि सरकारी पत्रात दीड महिना. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने तीन दिवसांत निवेदन काढून ही मुदत अवास्तव असल्याचं सांगितलं. परिषदेचं स्पष्टीकरण आलं, की कागदी दिरंगाई टाळणं एवढाच हेतू होता. पण मान्यवर संस्थेच्या लेटरहेडवर स्वातंत्र्यदिनाची तारीख पडली होती. पुढे खरी लस आली तेव्हा तिच्याकडे शंकेने पाहणाऱ्यांच्या हाती पहिलं कारण या पत्राने दिलं.

सर्वांत महागात पडलेलं भाकीत दुसऱ्या लाटेआधीचं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने साथीचं गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडायला नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितलं, की शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेलं आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१पर्यंत साथ आटोपेल. समितीच्या गणितानुसार तेव्हा सुमारे ३० टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता आणि फेब्रुवारीपर्यंत तो ५० टक्क्यांवर जाणार होता. मग ४ फेब्रुवारी २०२१ला त्याच सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने तिसऱ्या रक्तसर्वेक्षणाचा निष्कर्ष जाहीर केला. प्रतिपिंडं सापडली होती २१ टक्क्यांच्या आसपास लोकांत. दर पाचांतले जवळजवळ चार जण अजून कोरे होते, आणि हे परिषदेने स्पष्ट शब्दांत सांगितलंही होतं. एका सरकारी समितीचं गणित म्हणत होतं निम्मे, दुसऱ्या सरकारी संस्थेची सुई म्हणत होती पाचवा हिस्सा. प्रतिमान हे मागच्या आकड्यांना बसवलेलं वळण असतं. त्यात घातलेला संसर्गाचा हिस्सा चुकला, की पुढचं सगळं शिखर सरकतं, आणि नवा विषाणूप्रकार आला की मुळात जुनं वळणच लागू राहत नाही. म्हणून प्रत्यक्ष रक्ताचा नमुना आणि संगणकातलं वळण यांत तफावत दिसली, तर नमुन्यावर विश्वास ठेवायचा असतो.

त्याच फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण वाढू लागले आणि २२ तारखेपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. बी.१.६१७ हा प्रकार, ज्याच्या एका शाखेला पुढे डेल्टा नाव मिळालं, महाराष्ट्रातल्या नमुन्यांत आधीच दिसला होता. ७ मार्चला, महाराष्ट्रात दिवसाला अकरा हजारांवर रुग्ण सापडत असताना, केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी भारतातली महामारी अखेरच्या डावात असल्याचं सांगितलं. सहा आठवड्यांनी महाराष्ट्रातला दिवसाचा आकडा ६८ हजारांवर होता. जून-जुलैतल्या चौथ्या सर्वेक्षणात देशातल्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. मधल्या काळात प्राणवायूसाठी जे घडलं, ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. त्या पाचांतल्या चारांचा आकडा मंत्र्यांच्या टेबलावर होता, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग लस न घेणारेच शहाणे. या ठिकाणी मी ठामपणे दुसऱ्या बाजूला उभा आहे. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ला परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या परिणामकारकतेचा एकही आकडा उपलब्ध नव्हता. ‘चाचणी अवस्थेत वापर’ असा एक चमत्कारिक शब्दप्रयोग त्यासाठी योजला गेला. दोन्ही लशी ११० टक्के सुरक्षित आहेत असं औषध महानियंत्रक बोलले. शंभरावरची टक्केवारी नियामकाच्या तोंडी यावी, ही त्या पदाची हानी होती. त्या दिवशी त्या निर्णयावर प्रश्न विचारणारे डॉक्टर बरोबर होते. पण दोन महिन्यांनी आकडे आले. बाधित ४३, त्यांपैकी ३६ जणांना लस नव्हती आणि ७ जणांना होती. सातला छत्तिसाने भागून एकातून वजा करा, ८०.६ टक्के येतात. पुढे संपूर्ण चाचणीत १३० बाधितांत १०६ विरुद्ध २४, त्यावरून ७७.८ टक्के. गंभीर आजारी पडलेले सोळा, त्यांतला लस घेतलेला एक. सोळाच माणसांवर उभा असलेला ९३.४ टक्क्यांचा आकडा डळमळीत असतो, खरा परिणाम त्याहून बराच कमी असू शकतो, हेही त्याच शोधनिबंधात लिहिलेलं आहे. जानेवारीतली शंका योग्य होती, आणि आकडे आल्यावर ती तिथेच धरून बसणं अयोग्य होतं.

दुष्परिणामांच्या बाबतीतही हीच शिस्त लागते. १७ मे २०२१ला सरकारी समितीने ४९८ गंभीर घटना तपासून रक्तात गुठळ्या होण्याच्या २६ संभाव्य घटना सांगितल्या, दर दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये तेव्हा हे प्रमाण दहा लाखांमागे चारच्या आसपास होतं. भारतीय शरीर वेगळं असेल, ही एक शक्यता. दुसरी शक्यता अशी, की आपल्याकडे घटना कळवायची पद्धत केंद्रावरच्या अर्ध्या तासाच्या निरीक्षणापलीकडे माणसाच्या किंवा डॉक्टरच्या पुढाकारावर अवलंबून होती, आणि ही गाठ साधारणपणे चार ते अठ्ठावीस दिवसांनी होते. पंधराव्या दिवशी डोकं दुखून कुणी गावातल्या दवाखान्यात गेला, तर प्लेटलेट मोजून त्याचा संबंध लशीशी कोण लावणार? म्हणून ०.६१ हा आकडा धोक्याचा तळ समजावा. धोका चार असला, दहा असला, तरी त्या मे महिन्यात कोविडने मरण्याची शक्यता प्रौढ माणसासाठी त्याच्या अनेक पटींनी मोठी होती. दोन्ही वाक्यं एका दमात सांगता आली असती आणि लोकांना ती समजली असती.

आता अंतराचा निर्णय. कोव्हिशील्डच्या परदेशी चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के आणि बारा आठवड्यांनी घेतलेल्यांत ८१ टक्के दिसली होती. तेव्हा अंतर वाढवण्याला आधार होता. पण सरकारने दाखला दिला ब्रिटनमधल्या प्रत्यक्ष अनुभवाचा, आणि दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, ब्रिटनने पन्नाशीपुढच्या लोकांसाठी अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणायचं ठरवलं, कारण भारतातून आलेल्या नव्या प्रकारापुढे एक डोस तोकडा पडतो अशी चिंता होती. ज्या देशात तो प्रकार सर्वाधिक फोफावला होता, तिथे अंतर वाढलं. सल्लागार गटातल्या काही शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं, की आपली संमती आठ ते बारा आठवड्यांना होती. डोस तोकडे आहेत, पहिला डोस जास्तीत जास्त लोकांना देऊ म्हणून थांबा, असं सांगितलं असतं तर ते रास्त धोरण ठरलं असतं आणि लोकांनी मानलंही असतं. मार्च २०२२मध्ये सल्लागार गटाने अंतर पुन्हा आठ ते सोळा आठवड्यांवर आणायची शिफारस केली. तेव्हा लस मुबलक होती.

महाराष्ट्रात हा अविश्वास जुना आहे. मार्च २०२०मध्ये राज्याने जो कायदा लागू केला, तो ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. मूळ कायद्यात कलमं अवघी चार. एक नावाचं, एक सरकारला हवे ते नियम करायचा अधिकार देणारं, एक नियम मोडणाऱ्याला शिक्षेचं, आणि एक सद्‌हेतूने वागलेल्या अधिकाऱ्याला संरक्षण देणारं. लोकांना माहिती देण्याचं बंधन सरकारवर टाकणारं कलम त्यात नाही. १८९७मध्ये पुण्यात लोक चिडले ते घरात शिरणाऱ्या सोजिरांच्या तपासणी पथकांवर. त्याच जानेवारीत मुंबईत शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्यांच्या लशीच्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि सरकारने ठपका हाफकिन यांच्यावर ठेवला. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. बाटलीचा क्रमांक, ती कुणी उघडली, चिमटा कसा जंतुविरहित केला, एवढ्या तपशिलावर ते प्रकरण सुटलं. लशीला वाचवणारी गोष्ट हीच असते, उघड केलेला तपशील.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा तक्ता येईल. त्यात प्रत्येक लशीपुढे चार रकाने असायला हवेत : आज चाचणी कुठल्या टप्प्यावर आहे, आज महिन्याला प्रत्यक्ष किती डोस कसौलीतून मंजूर होऊन बाहेर पडतात, बॅच लावल्यापासून किती दिवसांनी डोस मिळतो, आणि हा आकडा कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती. खाली आकडा काढणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, आणि दर महिन्याला त्याच तक्त्याशेजारी प्रत्यक्ष पुरवठा. यातलं काहीही गुपित नाही. कंपन्यांकडे ते असतं, मंत्रालयाकडे असतं. माहितीच्या अधिकारात, विधिमंडळात, संसदेत हेच रकाने मागता येतात, आणि पत्रकार परिषदेत एका बातमीदाराने एवढंच विचारलं तरी पुरे.

मागणीच्या अंदाजालाही हेच लागू. वर्धक (बूस्टर) डोससाठी लोक पुन्हा रांगा लावतील असं धरून साठे बांधले गेले. जुलै २०२२मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना तो ७५ दिवस मोफत ठेवला, तरी केंद्रं ओस राहिली. सीरमने कोव्हिशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१मध्येच थांबवलं होतं. कुपीची मुदत नऊ महिन्यांची. ऑक्टोबर २०२२मध्ये पुण्यात सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी सांगितलं, की साठ्यातल्या सुमारे दहा कोटी डोसांची मुदत संपून गेली आहे.